जमिनीचा भाव कोण ठरवतं?

मैत्रिणींनो, आज सोन्याचा भाव काय, असं विचारलं तर आपल्यापैकी निम्म्या जणी चटकन सांगतील. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट काय भावानं गेलं, हे तर तोडणीला जाणाऱ्या बायकांना घरातल्या पुरुषांच्या आधी कळतं. पण घरच्या जमिनीचा सरकारी दर काय, असं विचारून बघा. ‘ते आमच्या ह्यांना ठाऊक,’ नाहीतर ‘दादा बघतो ते सगळं,’ हेच उत्तर येतं. ज्या शेतात आपण खुरपतो, पाणी धरतो, त्याची कागदावर काय किंमत आहे, हे आपल्याला माहीत नसतं. आणि एक दिवस कुणीतरी कागद पुढे करतं, ‘इथं सही कर,’ म्हणतं. आपण करतो.

निमगाव सावा हे माझं माहेर. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. मी पेशानं वकील, त्यातही सरकारी. धरण, कालवा, रस्ता यासाठी जमीन घेतली गेली आणि मोबदला कमी मिळाला म्हणून मालक कोर्टात गेला, की सरकारची बाजू मांडायची. जमिनीचं मूल्यांकन नियमाला धरून झालंय का, हे तपासायचं. निकालानंतर अपील करावं की नाही, याचा अभिप्राय द्यायचा. अनेक वर्षं मी हेच केलं. माहेरी गेले की म्हाताऱ्या बायका विचारायच्या, ‘काय गं, तू सरकारची का आमची?’ मी म्हणायचे, ‘कोर्टात सरकारची, ओट्यावर तुमची.’ आजचं हे लिखाण ओट्यावरचं आहे.

‘आकार’ आला कुठून?

सातबारा काढून बघा. क्षेत्राच्या खाली ‘आकार’ किंवा ‘आकारणी’ म्हणून रुपये-पैशांत एक छोटासा आकडा असतो. कुणी त्याच्याकडे लक्षही देत नाही. पण हा आकडा म्हणजे तुमच्या जमिनीचं सर्वांत जुनं सरकारी मूल्यमापन आहे. इंग्रजांच्या काळात, १८३६च्या सुमारास, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी आणि प्रतवारी सुरू केली. मातीची खोली हातानं मोजायची, रंग बघायचा आणि तिला आण्यांत भाव द्यायचा. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आणे, तिथून उतरत उतरत हलकी मुरमाड जमीन दोन आण्यांपर्यंत, अशा नऊ प्रती. मातीत चुनखडी असेल, वाळू असेल, जमीन उताराची असेल, तर प्रत आणखी खाली. या प्रतवारीवरून सारा ठरला, आणि तोच हा आकार.

तुम्ही म्हणाल, इंग्रज गेले, आणे गेले, आता त्याचं काय? तर ग्रामीण भागातल्या जिरायत जमिनीचे सरकारी दर आजही आकारणीच्या गटांप्रमाणे लावलेले असतात. आकाराला हेक्टरमधल्या क्षेत्रानं भागायचं, येणारा आकडा कोणत्या गटात बसतो ते बघायचं, त्या गटाचा दर तो आपला. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या मोजमापाचा धागा असा आपल्या खरेदीखतापर्यंत येऊन पोचतो.

या दराच्या यादीला सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात. सरकारी नाव वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. १९९५च्या नियमांनी त्याची पद्धत घालून दिली. नगररचना मूल्यांकन विभाग दर तयार करतो आणि पुण्यातलं नोंदणी महानिरीक्षकांचं कार्यालय ते जाहीर करतं. खरेदीखतात तुम्ही काहीही किंमत लिहा, मुद्रांक शुल्क या तक्त्याची किंमत आणि लिहिलेली किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर भरावं लागतं. तक्ता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे बघायला मिळतो. फुकट.

तीन आकडे, त्यातला मोठा

आता भूसंपादनाकडे येऊ. आपल्या भागाला ते नवं नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं आणि त्यांचे कालवे कुणाच्या ना कुणाच्या जमिनीवरच झाले. पुणे–नाशिक अर्ध-द्रुतगती रेल्वेचा पहिला मार्ग जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतून आखला, तेव्हा गावोगावी मोजणीचे दगड आणि मोबदल्याचे आकडे हाच विषय होता. पुढे खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा येईल म्हणून मार्ग बदलण्याची भाषा सुरू झाली. मार्ग बदलतो, पण प्रश्न तोच राहतो. जमिनीचा भाव कोण ठरवणार?

१८९४च्या जुन्या कायद्यात बाजारभाव आणि वर ३० टक्के दिलासा रक्कम होती. बाजारभाव कसा काढायचा, यावर वर्षानुवर्षं दावे चालायचे. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली जवाजी नागनाथम खटल्यात सांगितलं होतं, की मुद्रांक शुल्कासाठी केलेली दराची नोंदवही मोबदला ठरवायला आधार होऊ शकत नाही. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि हे बदललं. आता तीन आकडे काढायचे. एक, मुद्रांक कायद्याप्रमाणे ठरलेला दर. दोन, जवळपासच्या तशाच जमिनींची गेल्या तीन वर्षांतली खरेदीखतं घेऊन, त्यातल्या वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी. तीन, खासगी कंपनीसाठी किंवा खासगी भागीदारीतल्या प्रकल्पासाठी संमतीनं ठरलेली रक्कम. या तिन्हींत जो मोठा तो बाजारभाव.

त्यापुढे ग्रामीण भागात १ ते २ पट गुणक, आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. समजा, बाजारभाव १० लाख निघाला आणि गुणक २ आहे. म्हणजे २० लाख, आणि दिलासा धरून ४० लाख. घर, विहीर, झाडं यांची किंमत दिलाशाच्या आधी मिळवायची असते, शिवाय ठरावीक काळासाठी बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. नीट बघा, मुळात एक रुपया कमी धरला गेला, तर शेवटी चार रुपये कमी होतात. म्हणून भांडण मूळ आकड्यावर असतं.

आणि इथेच आपल्या गावच्या एका सवयीचा फटका बसतो. ‘खतात जरा कमी लिहू, बाकीचं रोख.’ खाली लिहिलेलं ते खत घेणाऱ्या-देणाऱ्याच्या कपाटात बंद राहत नाही. नोंदणी झालेलं प्रत्येक खत संपादनाच्या वेळी साऱ्या गावाच्या हिशेबात येतं. कोर्टात माझ्या हातात सर्वांत भक्कम पुरावा कोणता असायचा? गावकऱ्यांनी स्वतःच सही करून कमी किमतीला दाखवलेली खतं! रोख कुणाच्या हातात पडली ते सांगायला बाई कोर्टात उभी राहते, तेव्हा तिच्याकडे कागद नसतो.

सरकारी वकील करतो तरी काय?

लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे शेतकऱ्याचे पैसे कापणारा माणूस. तसं नाही. मोबदला जनतेच्या पैशातून जातो, तेव्हा पुराव्याशिवाय वाढीव रक्कम जाऊ नये, हे बघायला कुणीतरी लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली ‘चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे’ या खटल्यात मूल्यांकनाची जणू बाराखडीच लिहून दिली. देशभरची न्यायालयं आजही ती गिरवतात. त्यात पहिली गोष्ट अशी, की अधिकाऱ्याचा निवाडा म्हणजे सरकारनं देऊ केलेली रक्कम, तो शेवटचा शब्द नव्हे. दुसरी, ती रक्कम अपुरी आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. तिसरी, दुसऱ्या जमिनीच्या खताशी तुलना करताना अधिक-उणे मांडायचं. तुकडा लहान असेल, रस्त्याला लागून असेल, वस्तीजवळ असेल, चौकोनी असेल तर अधिक. मोठा पट्टा, आत दूरवर, खोलगट, तोंड अरुंद असेल तर उणे.

म्हणजे मी काय करायचे? मालकानं रस्त्याकडेच्या पाच गुंठ्यांचं खत दाखवलं आणि त्याची जमीन आत दीड एकर असली, की उणे मांडायचे. पण मालकाच्या बाजूनं कुणी अधिक मांडलं, विहीर दाखवली, पाइपलाइन दाखवली, तर ते मान्य करणंही माझंच काम. निकालानंतर उच्च न्यायालयात अपील करावं की नाही, यावर माझा अभिप्राय विधि व न्याय विभागाकडे जायचा. जुन्या कायद्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज. चांगल्या पुराव्यावरच्या निकालाविरुद्ध उगाच अपील केलं, तर सरकारचंच व्याज वाढतं. ‘अपील करू नये,’ असं लिहायलाही धाडस लागतं, बरं का!

पट्ट्यांची पिशवी

एक साक्ष मला कायम आठवते. बाई विधवा, पन्नाशीच्या पुढची. कालव्यात जमीन गेलेली. उलटतपासणीला मी उभी राहिले आणि नेहमीचा प्रश्न टाकला, ‘तुमची जमीन जिरायत होती, पावसावर होती, हे खरं ना?’ बहुतेक माणसं इथं नुसतं ‘खोटं आहे’ म्हणतात आणि गप्प होतात. बाई म्हणाल्या, ‘वकीलबाई, पावसावर टोमॅटो येत्यात व्हय?’ आणि पिशवीतून आडतीच्या पट्ट्या काढल्या. पाच वर्षांच्या, तारखेवार, दोऱ्यात ओवलेल्या. प्रत्येकीवर त्यांच्या नवऱ्याचं आणि तो गेल्यावर त्यांचं नाव. सोबत वीजबिलं, विहिरीच्या मोटरची. दुकानातून नेलेल्या खतांच्या आणि औषधांच्या पावत्या.

मी माझं काम केलं, एकेक पट्टी तपासली. खोट काढता आली नाही. जमीन बागायत धरली गेली आणि दर वाढला. अपीलाचा अभिप्राय मागितला गेला, तेव्हा मी लिहिलं, पुरावा कागदोपत्री आहे, मूळ आहे, अपिलात काही हाती लागणार नाही. त्या दिवशी कोर्टात मालकांपैकी सहा-सात पुरुषही होते. त्यांची जमीन तिच्याच बांधाला लागून. पट्ट्या कुणाकडेच नव्हत्या. ‘फेकून दिल्या,’ म्हणाले. घरात कागद जपून ठेवायचं काम बहुतेक वेळा आपणच करतो ना? फक्त ते कशासाठी जपायचे, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

नावच नाही, तर नोटीस कुणाला?

मोबदल्याची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. आणि आपली नावं तिथं कुठं असतात? जुन्या सातबाऱ्यांवर मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढंच. विधवा आई आणि बहिणी बऱ्याचदा ‘इतर हक्क’ या रकान्यात.

कायद्यानं मात्र चित्र केव्हाच बदललं आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेदही काढला आणि २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानं आहे, ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असण्याची अट नाही. पत्नीचं नाव लावायचा विचारही आपल्याच जिल्ह्यातल्या आंबेठाणहून चळवळ चालवणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’च्या रूपानं मांडला, आणि १९९२ साली शासनानंही त्याचं परिपत्रक काढलं. मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावण्यासाठी २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर झाली. तुमच्या घरात नोंद झाली का, एकदा बघा तरी! २०१३च्या भूसंपादन कायद्यात तर विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेली बाई पुनर्वसनासाठी स्वतंत्र कुटुंब धरलेली आहे. पण हे मागायला तिचं नाव कुणालातरी माहीत असायला हवं.

आणि हक्कसोडपत्र? त्याची एक गोम सांगते. जमीन विकायची तर बाजारमूल्य काढल्याशिवाय दुय्यम निबंधक पुढे सरकत नाहीत. पण वडिलोपार्जित जमिनीतला हक्क बहिणीनं भावासाठी सोडला, तर मुद्रांक शुल्क नाममात्र. त्यामुळे त्या हिश्शाची किंमत काय, हा प्रश्न तिच्यापुढे कुणी ठेवतच नाही. व्यवहार लाखोंचा आणि आकडा शून्य. दिवाळीत माहेरी यायचं, सकाळी जुन्नरला जाऊन सही करायची, साडी घेऊन सासरी परतायचं. भावावर माया असावी, मीही दोन भावांची बहीण आहे. हक्क सोडायचा तर जरूर सोडा, पण काय सोडतोय ते कळून सोडा. दोन वर्षांनी त्याच जमिनीतून रस्ता गेला आणि भावाच्या खात्यावर मोबदला जमा झाला, की बहिणी माझ्याकडे यायच्या. तेव्हा सही खरी, साक्षीदार खरे, नोंदणी खरी. कायद्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

सहीच्या आधी

दोन-चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पहिली, आपल्या गटाचा सातबारा आणि आठ-अ काढा, आपलं नाव आणि आकार बघा. दुसरी, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावाचा दर बघा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती दहा मिनिटांत काढून देईल. शेजारच्या खरेदीखतांची माहिती ‘इंडेक्स टू’मध्ये मिळते.

तिसरी, जमीन संपादनात जाणार असेल तर संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः शेतावर हजर राहा. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, आंब्याची झाडं, उभं पीक, सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. कायद्यानं घराची किंमत अभियंता आणि झाडांची किंमत शेतीतला जाणकार काढतो, पण पंचनाम्यात नसलेल्या झाडाची किंमत कोण काढणार? हे झाड कुणी लावलं, कितव्या वर्षी धरलं, हे आपल्यालाच आठवतं.

चौथी, थेट खरेदीनं जमीन दिली तर २०१५च्या धोरणाप्रमाणे २५ टक्के जादा रक्कम मिळते, पण नंतर वाढीव मोबदला मागता येत नाही. दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा. निवाड्याची रक्कम घेताना ती मान्य नसेल, तर ‘हरकत राखून’ असं लिहूनच घ्या. तसं न लिहिता पैसे घेतले, की पुढचा दरवाजा बंद. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत अर्ज करायचा. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यात जी मुदत आधी संपेल ती. ती मुदत हुकली आणि त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला वाढीव दर मिळाला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत तोच दर मागता येतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल तर दाद आधी लवादाकडे मागावी लागते, तेव्हा नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय तेही वाचा.

कोर्टात समोरच्या बाजूला मी कितीतरी बायका पाहिल्या. ज्या कागद घेऊन आल्या, त्यांच्याशी वाद घालणं मला जड गेलं. जमिनीचा भाव अधिकारी काढतो, वकील त्यावर बोलतो, न्यायाधीश ठरवतो, पण तिघेही कागदावरूनच बोलतात. आज संध्याकाळी चहा घेताना घरात एवढंच विचारा, ‘आपल्या शेताचा आकार किती हो?’ उत्तर आलं नाही, तर उद्या तलाठ्याकडे आपणच जायचं.